वाहनबंदी, वाहनतळ धोरण आणि पेठांचा विरोध : पुण्याचा अनुभव

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबर रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा करते. पहिल्या वर्षी उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा त्यासाठी निवडण्यात आला होता. वर्षातून एका दिवसाच्या या उपक्रमाचे सर्वसाधारणपणे स्वागतच होते. मात्र अशी बंदी वारंवार अथवा कायमची करण्याची चर्चा निघाली, की ग्राहकाने गाडी कोठे लावायची, हा प्रश्न व्यापारी विचारतात आणि आमची गाडी कोठे न्यायची, हा प्रश्न रहिवासी.

रहिवाशांच्या प्रश्नाला पेठांच्या रचनेचा आधार आहे. येथील वाडे आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या अनेक जुन्या इमारती मोटारींचा विचार न करता बांधल्या गेल्या. परिणामी घरासमोरचा रस्ता हेच अनेक कुटुंबांचे वाहनतळ ठरले. सम-विषम तारखांना रस्त्याच्या एकेका बाजूला वाहने लावण्याची ‘पी-१, पी-२’ पद्धत त्यातूनच अंगवळणी पडली. गणेशोत्सवात या भागाला दरवर्षी वाहनबंदीचा अनुभव येतो. विसर्जन मिरवणूक २४ तासांहून अधिक चालते आणि लक्ष्मी रस्त्यासह मध्यवर्ती भागातील प्रमुख रस्ते त्या काळात वाहतुकीस बंद असतात. ही गैरसोय मात्र लोक बहुतांशी निमूटपणे सोसतात, कारण तिची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते.

अशा बंदीचा कायदेशीर आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता वा सोय यांसाठी, तसेच रस्त्याचे स्वरूप पाहून, राज्य सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतो. बंदी एक महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार असेल, तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक असते. एक महिना वा त्याहून कमी मुदतीच्या बंदीला परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी पुरेशी ठरते. वादाचे खरे मूळ येथे आहे. दर रविवारी किंवा दर सणाला होणारी बंदी एकेका दिवसाची म्हणून हाताळली गेली, तर ती वर्षानुवर्षे चालूनही राजपत्रात येत नाही. पुणे वाहतूक पोलीस कायमस्वरूपी बदलांसाठी आधी तात्पुरता आदेश काढून हरकती व सूचना मागवतात. एका दिवसाच्या आदेशाबाबत रहिवाशाला बोलण्याची संधी बहुधा उरत नाही. त्याला बंदी कळते ती रस्ता अडथळे लावून अडवल्यावर.

हे कलम देशभर लागू आहे. मध्य प्रदेशातील जबलपूरमध्येही दसऱ्याच्या चल समारोहासाठी जुन्या बाजारपेठेतील रस्ते दरवर्षी वाहनांना बंद होतात आणि पर्यायी मार्ग व वाहने लावण्याच्या जागा पोलीस जाहीर करतात.

वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याबाबत कलम ११७ वेगळे आहे. तेथे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय बंधनकारक असल्याने हा विषय महापालिकेच्या सभागृहात येतो आणि पर्यायाने राजकारणातही. पुण्यात तो २०१८ मध्ये आला. रस्त्यांची वर्गवारी करून शुल्क आकारण्याचा प्रस्ताव प्रशासनाने मांडला होता. रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांनाही शुल्क लावण्याचा त्यात विचार होता. त्याच सुमारास शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली होती आणि लोकसंख्या सुमारे ३५ लाख असल्याचे सांगितले जात होते. काँग्रेस, राष्ट्रवादी काँग्रेस, शिवसेना व मनसेने प्रस्तावाला कडाडून विरोध केला. अखेर २३ मार्च २०१८ च्या सर्वसाधारण सभेत सत्ताधारी भाजपने उपसूचनेसह तो मंजूर करून घेतला. परंतु संपूर्ण शहराऐवजी प्रायोगिक तत्त्वावर केवळ पाच रस्त्यांसाठी. त्या पाच रस्त्यांवरही पुढे अनेक वर्षे अंमलबजावणी झाली नाही.

शुल्काच्या बाजूने केंद्राची भूमिका जुनी आहे. वाहनाने व्यापलेल्या जमिनीचे मोल शुल्कातून दिसावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगते. या निकषावर, सार्वजनिक रस्ता खासगी मोटारीसाठी कायम मोफत मिळावा, ही मागणी दुबळी ठरते. पूर्वसूचनेची व पर्यायी जागेची मागणी मात्र तशी नाही, आणि विरोधकांच्या निवेदनांत या दोन्ही मागण्या एकत्र आल्याने प्रशासनाला दोन्ही टाळणे सोपे जाते.

व्यापाऱ्यांचा विरोध पुण्यापुरता नाही. दिल्लीत कॅनॉट प्लेसचे अंतर्गत वर्तुळ वाहनमुक्त करण्याची योजना २०१७ मध्ये जाहीर होताच तेथील व्यापारी संघटनेने हरकत घेतली होती. चांदणी चौकात मात्र नूतनीकरणानंतर, २०२१ पासून, सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटार वाहनांना मनाई आहे. त्या बाजारापाशी मेट्रो स्थानक आधीपासून होते.

लक्ष्मी रस्त्याला ही सोय अलीकडे मिळाली. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रो मार्गाचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झाले असून कसबा पेठ व मंडई ही स्थानके या परिसरात आहेत. ग्राहक गाडीशिवाय कसा येणार, या व्यापाऱ्यांच्या प्रश्नाला त्यामुळे काही अंशी उत्तर मिळते. रहिवाशाची गाडी बंदीच्या दिवशी कोठे उभी राहावी, हा प्रश्न मेट्रोने सुटत नाही.