न थांबणारी स्टेशनं

ऑनसाईटला आलेला मराठी माणूस पहिल्या वीकांताला दोन कामं करतो. एक, इंडियन स्टोअर शोधून तूरडाळ आणतो आणि दोन, दिवसभराचं तिकीट काढून शहरभर हिंडतो. एकदा काढलंच आहे तर पैसे वसूल झाले पाहिजेत, हा आपला बाणा! बर्लिनमध्ये मीही तेच केलं. फक्त या वेळी गाईडबुक घरी ठेवलं आणि टीममधल्या एका जर्मन सहकाऱ्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेला रूट घेतला. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "यू-८ पकड, मोरिट्झप्लाट्झपासून मोजायला लाग."

इथे स्टेशनवर गेट वगैरे नसतात. तिकिटावर मशीनमधून शिक्का मारायचा आणि सरळ गाडीत बसायचं. (विसरलात आणि चेकर आला तर मात्र खैर नाही.) मी शिक्का मारला, पिवळ्या गाडीत बसलो आणि मोजू लागलो. हाइनरिश-हाइने-श्ट्रासे, यानोवित्झब्र्युके, आलेक्झांडरप्लाट्झ, वाइनमाइस्टरश्ट्रासे, रोझेन्थालर प्लाट्झ, बेर्नाउअर श्ट्रासे. सहा. सातवं फोल्टाश्ट्रासे. दहा-बारा मिनिटांचा मामला, बघण्यासारखं काही नाही. समोर एक पोरगी कबाब खात होती.

आता हेच १९६१ नंतर कसं होतं ते बघा. १३ ऑगस्ट १९६१, रविवार. पहाटे लोक झोपेत असताना पूर्व जर्मनीनं शहराच्या मधोमध काटेरी तारा टाकल्या, पुढे त्याचीच भिंत झाली. पण जमिनीखालचं काय? भुयारं खणली गेली तेव्हा शहर एकच होतं, त्यामुळे आजच्या यू-६ आणि यू-८ या लाईन्स (आणि एस-बानची उत्तर-दक्षिण लाईनही) पश्चिमेत सुरू व्हायच्या, पूर्वेखालून जायच्या आणि परत पश्चिमेत निघायच्या. लेगसी आर्किटेक्चर म्हणतात ते हेच. वरच्या लोकांनी रिक्वायरमेंट बदलली, खालचं डिझाईन तेच राहिलं!

मग जुगाड असा निघाला की पश्चिमेच्या गाड्या चालू ठेवायच्या, पण पूर्वेतल्या स्टेशनांवर थांबवायच्या नाहीत. पश्चिमेच्या वाहतूक कंपनीनं त्याचं भाडं पूर्वेला कडक डॉइच मार्कांत मोजायचं. ('पैशाचं सोंग आणता येत नाही' हे साम्यवाद्यांनाही कळत होतं.) सीमेआधी गाडीत घोषणा व्हायची, पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन. मग गाडी हळू व्हायची आणि मिणमिणत्या उजेडातले ओसाड प्लॅटफॉर्म सरकत जायचे. तिथे हत्यारबंद पहारेकरी उभे. वरच्या रस्त्यावरची दारं विटांनी बुजवलेली. पश्चिमेच्या नकाशावर या स्टेशनांसाठी वेगळी खूण होती, 'इथे गाड्या थांबत नाहीत'. लोकांनी त्यांना नाव दिलं गाइस्टरबानहोफ, म्हणजे भुताची स्टेशनं.

बेर्नाउअर श्ट्रासेला उतरलो. या रस्त्याची एका बाजूची घरं पूर्वेत आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत! तारा पडल्यावर लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. २२ ऑगस्ट १९६१ ला इडा सीकमान नावाच्या बाईंनी आधी गाद्या खाली टाकल्या आणि मग उडी मारली. वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता. भिंतीपायी जीव गेलेल्यांत त्यांची नोंद पहिली. पुढे हा आकडा किमान १४० वर गेला. तिथून नॉर्डबानहोफ चालत गाठता येतं. तेही भुताचं स्टेशन होतं आणि आता तिथेच या सगळ्याचं छोटं प्रदर्शन आहे. मी तास घालवला. गर्दी अजिबात नव्हती.

दोन स्टेशनं पुढे फ्रीडरिशश्ट्रासे, आणि हा प्रकार तर डोकं चक्रावणारा आहे. पूर्वेच्या पोटात असूनही इथे पश्चिमेच्या गाड्या थांबायच्या. पश्चिमेचा माणूस यू-६ मधून उतरून एस-बान पकडायचा, तीही सीमा न ओलांडता! वाटेत परकीय चलनात स्वस्त दारू-सिगरेट विकणारी पूर्वेची सरकारी दुकानं. त्याच इमारतीत पत्र्याच्या भिंतीपलीकडे पूर्वेच्या लोकांचं स्टेशन. बाजूला १९६२ मध्ये बांधलेला काचेचा हॉल, ट्रेनेनपालास्ट, म्हणजे अश्रूंचा महाल. भेटायला आलेले पश्चिमेचे पाहुणे इथून परत जायचे आणि सोडायला आलेले बाहेरच थांबायचे. १९६४ पासून पूर्वेच्या पेन्शनरांना पश्चिमेत जायची परवानगी मिळाली. म्हातारी माणसं परत आली नाहीत तरी सरकारचं काय जाणार होतं, उलट पेन्शन वाचलं असतं. आता तिथे म्युझियम आहे, प्रवेश फुकट. पासपोर्ट तपासायच्या अरुंद खोपटात उभा राहिलो तेव्हा मुंबई एअरपोर्टची काच आठवली आणि काचेपलीकडे हात हलवणारी आई. पण ती मला हवं तेव्हा व्हिसा काढून इथे येऊ शकते. तुलना नकोच. असो.

सोमवारी हापिसात त्या सहकाऱ्याला चिटोरा परत दिला. तेव्हा कुठे गडी बोलता झाला. लहानपणी रोझेन्थालर प्लाट्झजवळ राहायचा. आजी फोल्टाश्ट्रासेच्या बाजूला, म्हणजे दोन स्टेशनं पलीकडे, पण पश्चिमेत. १९७२ नंतर ती परमिट काढून कधीमधी यायची, संध्याकाळी परतायची. याला जाता यायचं नाही. रात्री रस्ता शांत झाला की फुटपाथवरच्या जाळीतून गाडीची घरघर ऐकू यायची आणि पायाखाली जमीन किंचित थरथरायची. "आजीकडची गाडी" म्हणायचा तो तिला. आई म्हणायची, मोठ्यानं बोलू नकोस.

भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. दोनच दिवसांनी यानोवित्झब्र्युके सुरू झालं, भुताच्या स्टेशनांपैकी पहिलं. रोझेन्थालर प्लाट्झ उघडायला २२ डिसेंबर उजाडला. तोवर हा चालत आजीकडे जाऊन आला होता, तरी त्या दिवशी मुद्दाम गाडीनं गेला. मधलं बेर्नाउअर श्ट्रासे अजून बंदच होतं, ते एप्रिल १९९० मध्ये उघडलं. त्यामुळे गाडी तिथे न थांबता गेली आणि ते अंधारातलं स्टेशन त्यानं पहिल्यांदाच आतून पाहिलं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"दोन मिनिटं लागली," तो म्हणाला. "मी घड्याळ लावलं होतं."

मग आमचा स्टेटस कॉल सुरू झाला.