‘धरती के लाल’ आणि बंगालची भूक

दुष्काळ म्हटला की आपल्यापुढे भेगाळलेली जमीन आणि कोरड्या विहिरी उभ्या राहतात. दख्खनची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवणच तशी. म्हणून १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा विचार करताना आपण चकतो. तेथे पाऊस रुसला नव्हता. माणसे मात्र मरत होती.

१९४२ त ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूला लाभ नको म्हणून सरकारने किनारपट्टीच्या नावा काढून घेतल्या. म्हणजे कोळ्याचे आणि कुंभाराचे पोटच काढून घेतले! ऑक्टोबरात मेदिनीपुरावर वादळ कोसळले. युद्धाचा पैसा कलकत्त्यात खेळू लागला, साठेबाजांची कोठारे भरली आणि भाव मजुराच्या हाताबाहेर गेले. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू मान्य केले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात.

१९४६ त ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘इप्टा’च्या नटमंडळींना घेऊन यावर ‘धरती के लाल’ हा बोलपट काढला. आधार मुख्यतः विजन भट्टाचार्य यांच्या नाटकांचा. पडद्यावरच्या भुकेल्या जथ्यांत आपल्या धुळे भागातील किसान सभेची माणसे होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कथा साधीच आहे. एक शेतकरी कुटुंब भाव चढला म्हणून घरचे धान्य विकते, मग तेच धान्य विकत घेण्यासाठी जमीन घालवते आणि शेवटी कलकत्त्याच्या पदपथावर येऊन पडते. १९८१ त अमर्त्य सेन यांनी आकड्यांनिशी दाखवले, की १९४३ त बंगालमधला धान्यपुरवठा १९४१ पेक्षा अधिकच होता; नव्हती ती गरिबाची विकत घेण्याची ताकद. नाटकवाल्यांना हे पस्तीस वर्षे आधी दिसले होते.

अखेरीस वाचलेले गावी परततात व एकत्र शेती करतात. हा भाग आम्हांस प्रचारकी वाटतो. परंतु त्याच दृश्यात धाकटी सून विनोदिनी आणि तिचा नवरा रामू दुरूनच तो आनंद पाहतात. शहरात भुकेपायी तिने देह विकलेला असतो. इतरांना जमीन परत मिळाली. या दोघांना गाव परत मिळत नाही.