पासंग : ढाल धरणाऱ्यांचा इतिहास

मंडळी, आपण आज मंडईत बसलोय, तेव्हा सुरुवात तराजूपासून करू. ही इमारत 1886 साली उभी राहिली. तेव्हा तिला लॉर्ड रे यांचं नाव होतं, पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. इथल्या गाळ्यांवर आपण हाततराजू पाहिलेत. एखादा रिकामा असतानाच एकीकडे झुकतो. मग हलक्या पारड्याला खडा नाहीतर चिंधी बांधायची. तो पासंग.

खेळाचे नियम करणारे हेच करत आलेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्यात आणि बडोद्यात हुतूतूचे नियम लिहिले गेले, त्याची पुढे कबड्डी झाली. आज मैदानात सहा किंवा सात बचावपटू असले की चढाईवाल्याला बोनस रेषेवर गुण मिळू शकतो, कारण भिंत जाड आहे. आणि तिघेच किंवा त्याहून कमी उरले, तर प्रो कबड्डीत त्यांच्या पकडीला दोन गुण. ज्या बाजूला पारडं हलकं, त्या बाजूला पासंग.

आता आपल्या घरातली मुलं कॉम्प्युटरवर काय खेळतात ते बघू. 2004 च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ आला. त्यात मोठ्या राक्षसापुढे चाळीस जणांची फौज उभी राहायची. बाकीचे मारणार, काही जण जखमा भरणार, आणि एकजण राक्षसाला डिवचून सगळे घाव अंगावर घेणार. त्याला म्हणतात टँक. टँक होता येईल असे वर्ग कागदावर तीन होते : वॉरियर, पॅलाडिन आणि अस्वल होणारा ड्रुइड. प्रत्यक्षात मान वॉरियरचाच. पॅलाडिनकडे राक्षसाला आपल्याकडे ओढायची युक्तीच दिलेली नव्हती! पॅलाडिन हौसेने घेतलेल्या मुलाला लोक सांगायचे, तू मागे थांब आणि जखमा भर.

2007 च्या जानेवारीत पहिली मोठी दुरुस्ती झाली. पॅलाडिनला ती युक्ती मिळाली, शत्रूंचा घोळका सांभाळण्यात तो वाकबगार ठरला. अस्वलाची कातडी जाड झाली. 2008 मध्ये चौथा आला, डेथ नाइट. तेव्हा कर्त्यांचं धोरण ठरलं की चौघांपैकी कुणीही मुख्य टँक होऊ शकला पाहिजे. न्याय झाला. पण लगेच दुसरी तक्रार आली : सगळे सारखेच वाटायला लागले, मग निवडायचं काय? एक वाकडेपणा काढला की दुसरा दिसतो, हे तराजूवाल्यालाही ठाऊक असतं.

आमच्या मते खरा धडा 2011 चा. वर्गांचा तोल बराचसा साधला होता, तरी टँक व्हायला माणसंच पुढे येत नव्हती. बाकीचे रांगेत ताटकळायचे. का? टँक चुकला की सगळी फौज मरते आणि बोलणी त्यालाच बसतात. तेव्हा त्या वर्षी एक योजना आली : ज्या भूमिकेची टंचाई, ती घेणाऱ्याला जादा बक्षीस. टंचाई बहुतेक वेळा टँकचीच असायची. म्हणजे पासंग आकड्यांना बांधून भागलं नाही, तो माणसाच्या मनाला बांधावा लागला.

आणि हे आपल्याला नवं आहे का? अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक इथूनच, टिळकांच्या पुतळ्यापासून निघते. ढोल वाजवायला पोरांची रीघ. दोर धरून गर्दीचे धक्के खाणारे मात्र शोधावे लागतात. फोटो ढोलवाल्यांचे निघतात, आणि धक्काबुक्की झाली तर जाब दोरवाल्याला. नियम कितीही नीट केले, तरी ढाल धरणाऱ्याला मान मिळाला नाही, तर पुढच्या वर्षी दोर कोण धरणार? याचं उत्तर खेळ बनवणाऱ्यांना सात वर्षांनी सुचलं. आपल्या मंडळांनी तेवढं थांबू नये, एवढंच सांगून थांबतो.