कल्पित नकाशांतील सागरखोलीचे डिजिटल चित्रण

कादंबरी, रोल-प्लेइंग खेळ किंवा व्हिडिओगेम यांसाठी रचलेल्या कल्पित जगाचा नकाशा संगणकावर काढताना समुद्रतळाचे चढउतार रंगछटा व छायाप्रकाश यांनी दाखवण्याची कला. अशा नकाशात अनेकदा निम्मा कागद पाण्याने व्यापलेला असतो. तरीही चित्रकाराची मेहनत डोंगर, अरण्ये आणि शहरे यांवर खर्च होते, आणि समुद्राच्या वाट्याला किनाऱ्याला समांतर असा एक फिकट निळा पट्टा येतो. हा पट्टा दिसायला गोड असला तरी सगळीकडे सारख्या रुंदीचा असल्यामुळे खोटा वाटतो. समुद्राचा तळ हा जमिनीचाच पुढचा भाग आहे. किनाऱ्यामागे उंच पर्वत आहेत की सपाट मैदान, मोठी नदी आहे की ज्वालामुखी, यावर किनाऱ्यापुढची खोली ठरते. हा संबंध नकाशात दिसला तर समुद्र खरा वाटतो; रंगांची निवड त्यानंतरची गोष्ट.

पूर्वपरंपरा : नकाशावर खोली दाखवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे आकडे. दोरीला शिसे बांधून तळ चाचपायचा आणि सापडलेली खोली त्या जागी लिहायची. पाश्चात्त्य खलाशी ती फॅदममध्ये लिहीत. कोकणातले मच्छीमार याच साधारण सहा फुटी मापाला ‘वाव’ म्हणतात. सारख्या खोलीच्या जागा जोडणाऱ्या समखोली रेषा अठराव्या शतकात रुळल्या. फ्रेंच भूगोलज्ञ फिलिप ब्युआश यांचा इंग्लिश खाडीचा १७५२ मधला नकाशा त्यांतला प्रसिद्ध. कल्पित नकाशांनीही आकड्यांची भाषा उचलली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ मध्ये आधी एका बेटाचा नकाशा काढला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी वाढली. कादंबरीत त्या नकाशाचे वर्णन येते तेव्हा अक्षांश-रेखांशांबरोबर पाण्याच्या खोलीचे आकडेही नोंदलेले आहेत. तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणारे कारागीर किनाऱ्याला समांतर बारीक रेघा काढत आणि आत जाताना त्यांतले अंतर वाढवत नेत. आजचा फिकट निळा पट्टा हा त्या रेघांचाच वारस आहे. त्या रेघा खोली सांगत नव्हत्या. पाणी कोणते आणि जमीन कोणती एवढेच सांगत होत्या. जुन्या धाटणीच्या नकाशात त्या आजही शोभतात.

समुद्रतळ चित्रासारखा उभा करण्याचे श्रेय मात्र तिघांना द्यावे लागते : मेरी थार्प, ब्रूस हीझेन आणि हाइनरिख बेरान. थार्प अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लामॉन्ट वेधशाळेत काम करीत. त्या काळी संशोधन-जहाजांवर स्त्रियांना मज्जाव असल्यामुळे हीझेन आणि इतरांनी आणलेले, प्रतिध्वनीने मोजलेल्या खोलीचे आकडे त्या टेबलाशी बसून कागदावर उतरवत. अमेरिकी नौदलाने नेमक्या समखोली रेषा गोपनीय ठेवल्या होत्या, म्हणून थार्प व हीझेन यांनी दुसरी वाट धरली : सगळे पाणी आटले आणि विमानातून तिरपे पाहिले तर तळ कसा दिसेल, तसे रेखाटन. उत्तर अटलांटिकचे असे रेखाटन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावरची खचदरी थार्प यांना याच कामात सापडली होती. पुढे आल्प्सची विहंगम दृश्ये रंगवणारे ऑस्ट्रियन चित्रकार बेरान त्यांना येऊन मिळाले. १९६७ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’साठी हिंदी महासागराचा तळ आणि १९७७ मध्ये सगळ्या जगाचा सागरतळ त्यांनी रंगवला.

कल्पित नकाशा काढणाऱ्याने या चित्रांपुढे बराच वेळ बसावे, आणि तो केवळ रंगांसाठी नव्हे. थार्प यांच्याकडे आकडे होते ते जहाजांच्या वाटांवरचे. दोन वाटांमधल्या शेकडो किलोमीटरच्या जागेत काहीच नव्हते, आणि ती जागा त्यांनी भूशास्त्रीय तर्काने भरली : रांग इथे तुटली तर ती सरकून तिथे पुन्हा सुरू झाली असणार, या पद्धतीने. ज्या चित्राने जगाला समुद्रतळ पहिल्यांदा दाखवला त्याचा फार मोठा भाग नियमाने बांधलेली कल्पना होता. कल्पित जगाच्या चित्रकाराला करायचे असते ते हेच.

तळाची ठेवण : किनाऱ्यालगत समुद्रबूड जमीन असते. ती जवळजवळ सपाट असून तिची रुंदी जगात सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि काठाशी खोली सुमारे १४० मीटर भरते. काठानंतर खंडान्त उतार सुरू होतो. त्याचा सरासरी कल चार अंशांच्या आसपास असतो आणि तो तीनेक हजार मीटरपर्यंत उतरतो. पुढे ३,००० ते ६,००० मीटरवर सागरी मैदाने पसरतात. पृथ्वीच्या उंची-खोलीचा आलेख काढला तर दोनच ठिकाणी गर्दी दिसते : समुद्रसपाटीच्या आसपास आणि चार ते पाच हजार मीटर खोलीवर. मधल्या खोलीचा प्रदेश तुलनेने थोडा. म्हणून किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत एकसारखा गडद होत जाणारा ग्रेडियंट हा तळाचे सर्वांत चुकीचे चित्र होय. फिकट सपाटी, मग अरुंद पट्ट्यात झपाट्याने उतरणारी छटा, मग गडद सपाटी, असा क्रम हवा.

समुद्रबूड जमिनीची रुंदी एकाच किनाऱ्यावर किती बदलते याचा नमुना मराठी वाचकाच्या दारात आहे. दमण-मुंबईसमोर ती तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाणी जेमतेम ७५ मीटर. दक्षिणेकडे ती निमुळती होत कोचीसमोर साठेक किलोमीटरवर येते. शिवाय विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे, साधारण ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या या पठाराच्या उथळ भागावर वीसेक मीटरच पाणी आहे, आणि तिथे प्रवाळ आहेत. आजूबाजूच्या गडद निळ्यात असा एखादा एकाकी फिकट डाग कल्पित समुद्राला किती जिवंत करतो ते करून पाहण्याजोगे आहे. उलट टोक दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला : तिथे सहा हजार मीटरहून उंच अँडीज किनाऱ्यालगत उभा, समुद्रबूड जमीन अगदी अरुंद आणि थोड्याच अंतरावर आठ हजार मीटर खोल गर्ता. तेव्हा किनाऱ्याला चिकटून ज्वालामुखींची रांग काढली असेल तर तिच्यापुढे समांतर गर्ता काढावी आणि फिकट पट्टा जवळजवळ पुसून टाकावा.

मोठ्या नदीच्या मुखापुढे गाळाचा पंखा आणि काठ कापत गेलेली घळ असते. गंगेसमोरची अशी घळ ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यापुढचा बंगालचा पंखा सुमारे ३,००० किलोमीटर पसरला आहे. या घळी बहुतांशी गाळाने जड झालेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी कापल्या जातात. १९२९ मध्ये न्यू फाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या होत्या. त्यांच्या वेळांवरून हीझेन व मॉरिस यूइंग यांनी १९५२ मध्ये अशा लोंढ्याचा वेग काढला.

खुल्या महासागराच्या मधोमध रांग काढायची तर तिचा माथा सुमारे २,५०० मीटर खोलीवर धरावा. तिथून दूर जाताना कवच जुने, थंड आणि जड होत खाली बसते. दशलक्ष वर्षांतल्या वयाचे वर्गमूळ ३५० ने गुणून २,५०० मध्ये मिळवले की सुमारे सात कोटी वर्षांपर्यंतची खोली बऱ्यापैकी मिळते. अडीच कोटी वर्षांच्या कवचाचा हिशेब घेतला तर ४,२५० मीटर. रांग आडव्या भंगांनी तुटून सरकलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांच्या लहान टेकड्या तिला समांतर असतात. केन पर्लिन यांनी १९८३ मध्ये बनवलेल्या नॉइजची (संगणकाने निर्मिलेल्या यादृच्छिक पोताची) खडबड तळावर टाकताना ती रांगेच्या दिशेने ताणली नाही, तर सगळा समुद्र ढगाळ दिसू लागतो.

रंग : इथे दोन वेगळी वास्तवे एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक नकाशे इथेच फसतात. वरून पाहणाऱ्या डोळ्याला तळ दिसतो तो फार तर वीस-तीस मीटरपर्यंत, तोही नितळ पाण्यात. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा सर्वांत खोल जातो. उथळ पांढऱ्या वाळूवरचे पाणी म्हणून मोरपंखी दिसते. त्यापुढे २०० मीटर काय किंवा ५,००० मीटर काय, आकाशातून रंग सारखाच. खोल गर्तेला जास्त गडद निळा देणे हा नकाशाशास्त्राचा संकेत आहे, दृश्य नव्हे. बहामाज बेटांजवळ ‘टंग ऑफ द ओशन’ नावाची हजार मीटरहून खोल खाच आहे आणि तिच्या कडेला बहामा बँकेवर दहा मीटरही पाणी नसते. उपग्रहचित्रात तिथे मोरपंखी रंग संपतो आणि काळपट निळा सुरू होतो, मधे छटा जवळजवळ नाहीच. असा कडक काठ संगणकावर काढायला बरेच जण कचरतात, कारण मऊ ब्रशची सवय झालेली असते.

उथळ म्हणजे मोरपंखी हेही सगळीकडे खरे नाही. कोकणकिनाऱ्यालगत पावसाळ्यात नद्यांचा गाळ पाणी मातकट करतो. थंड, जीवसमृद्ध समुद्र वनस्पतिप्लवकांमुळे हिरवट दिसतो. खाडीच्या तोंडाशी करडा-हिरवा, प्रवाळांच्या बेटांभोवती मोरपंखी आणि उत्तरेच्या समुद्रात मंद हिरवा वापरला तर हवामानही नकाशात उतरते. चित्रकाराने सुरुवातीलाच ठरवावे की आपला समुद्र आकाशातून पाहिलेला आहे की ओळंब्याने मोजलेला. दोन्ही हवे असतील तर मोरपंखी छटा तीसेक मीटरच्या आत राखून पुढे संकेताचे निळे सुरू करावेत.

काम कसे होते : फोटोशॉप, क्रिटा किंवा गिम्प कोणतेही असो, खोलीचा एक करडा लेयर आधी वेगळा तयार करतात आणि रंग त्यावर नंतर बसवतात. जमिनीच्या मास्कला ब्लर देऊन खोली मिळवण्याची चाल सोपी. पण तिने चिमुकली बेटे पुसट होतात आणि प्रत्येक भूशिर अकारण खोल पाण्यात उभे राहते. त्यापेक्षा समुद्रबूड जमिनीचा काठ हाताने काढावा. शेवटच्या हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, म्हणजे हा काठ त्या काळच्या किनाऱ्याजवळच येतो. दुसरा किनारा काढतोय असे समजून त्याला आखाते आणि नद्यांची मुखे द्यावीत. उताराच्या पायथ्याची तिसरी रेषा जरा सैल चालते.

मोजमाप आधी करून घेतलेले बरे. १ सेंमी म्हणजे १०० किमी या प्रमाणाच्या नकाशात ३०० डीपीआयला १०० किलोमीटरचे ११८ पिक्सेल होतात. ७५ किलोमीटरची समुद्रबूड जमीन साधारण ९० पिक्सेल घेईल. चार अंशांनी तीन हजार मीटरपर्यंत उतरणारा उतार चाळीसेक किलोमीटरचा, म्हणजे पन्नास पिक्सेलच्या आत. हे आकडे समोर असले की ब्रशची रुंदी आपोआप ठरते. दुसरा हिशेब छटांचा. ८-बिट करड्या लेयरमध्ये २५६ पायऱ्या असतात. ११,००० मीटर खोली त्यांत बसवली तर एक पायरी ४३ मीटरची होते आणि संपूर्ण समुद्रबूड जमिनीला जेमतेम तीन पायऱ्या मिळतात. त्यातून पट्टे पडतात. १६-बिटमध्ये काम करणे हा उपाय, आणि शेवटी रंग बसवल्यावर अगदी हलका दाणा मिसळणे हा दुसरा. रंगपट्टीही समान अंतराची ठेवू नये. ‘नॅचरल अर्थ’ या खुल्या नकाशासंचात पहिला थर २०० मीटरवर, दुसरा १,००० मीटरवर आणि पुढचे हजार-हजारावर आहेत. कल्पित समुद्रालाही ही विभागणी उत्तम लागू पडते.

छाया त्याच करड्या लेयरवरून काढतात आणि प्रकाश जमिनीला दिला त्याच दिशेने, रूढीप्रमाणे वायव्येकडून, देतात. खालून प्रकाश दिला तर रांग दरीसारखी दिसू लागते. स्विस नकाशाकार एदुआर्द इमहोफ यांनी जमिनीबाबत सांगितलेला नियम पाण्याखालीही चालतो : वरच्या भागात छाया-उजेडाचा फरक ठळक, खाली जाल तसा मंद. समुद्रबूड जमिनीच्या काठावरच्या घळी स्पष्ट, सागरी मैदान धूसर. विल्बर, गाया यांसारख्या सॉफ्टवेअरने झीज घडवता येते, पण तळावर पावसाच्या झिजेचा हिशेब लावला की फांद्याफांद्यांच्या नदीखोऱ्यांनी समुद्र भरून जातो. ते दृश्य पावसाने झिजलेल्या जमिनीचे असते, समुद्रतळाचे नव्हे. अपवाद बुडालेल्या प्रदेशांचा. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामधला डॉगरलँड हिमयुगानंतर पाण्याखाली गेला. त्यातल्या डॉगर बँकेवर आजही पंधरा ते छत्तीस मीटरच पाणी आहे. टॉल्किन यांच्या जगात बेलेरियांड असाच बुडाला आणि हिमलिंग या बेटाच्या रूपाने एका टेकडीचा माथा उरला. ज्या जगाच्या इतिहासात एखादे राज्य समुद्राने गिळले असेल त्याच्या नकाशात त्या जागी रुंद उथळ फलक हवा आणि त्यावर जुन्या नद्यांच्या वाटा अगदी पुसट दिसायला हव्यात. वाचणाऱ्याला ती कथा नकाशातच सापडते.

छपाईत गडद निळे सर्वांत आधी दगा देतात. पडद्यावर वेगळ्या दिसणाऱ्या ४,००० आणि ६,००० मीटरच्या छटा कागदावर शाई बसली की एकच होतात. म्हणून सर्वांत खोल छटा पडद्यावर पटते त्याहून एक-दोन पायऱ्या उजळ ठेवतात, आणि समुद्रांची व प्रवाहांची नावे जिथे पडणार त्या पट्ट्यात छाया आणखी हलकी करतात.