अमोनिया गाळणाऱ्या दगडाचे कूळ

हिवाळ्यात यमुना रोडावते, वरून येणारे सांडपाणी मात्र कमी होत नाही, आणि दिल्लीच्या वजीराबाद बंधाऱ्यापाशी अमोनिया चढतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम. नदीत तो १ च्या आसपास गेला की जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन घटवावे लागते, कारण जंतू मारायला घातलेला क्लोरीन अमोनियावरच खर्ची पडतो. यावरचा एक उपाय म्हणजे क्लिनॉप्टिलोलाइट या नैसर्गिक झिओलाइटच्या खड्यांचा थर. त्याचे कूळ शोधत गेलो, तर वाट निघाली अमेरिकेतल्या हॅनफर्डला, अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या केंद्रात!

झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्सने कृत्रिम झिओलाइटने कठीण पाणी मृदू केले. वंशावळ सहसा इथूनच सरळ खाली आणतात; मला ती पटत नाही. मृदूकरणाचे माध्यम कॅल्शियम धरते आणि सोडियम सोडते. क्लिनॉप्टिलोलाइटची ओढ वेगळी: आधी सीझियम, मग पोटॅशियम, अमोनियम (अमोनियाचे पाण्यातले आयनरूप), कॅल्शियम बरेच मागे. हा क्रम हॅनफर्डच्याच एल. एल. एम्स यांनी १९६० मध्ये मांडला. त्यांना हवे होते अणुकचऱ्यातले किरणोत्सारी सीझियम. अमोनियमचा गुण त्या शोधात हाती लागला. कॅल्शियमने भरलेल्या पाण्यात हीच निवड कामाची, कारण मृदूकरणाचे माध्यम तिथे कॅल्शियमनेच भरून जाईल.

माझ्या मताविरुद्ध भक्कम पुरावा एकच, १८५० चा. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी दाखवले की अमोनियम सल्फेटचे पाणी मातीतून झिरपले की अमोनिया मातीत राहतो आणि कॅल्शियम बाहेर पडते. म्हणजे या अदलाबदलीचा, आयन-विनिमयाचा, आरंभच अमोनियापासून! तरी मी त्याला आजोळ म्हणेन. त्यांच्यासमोर शेताची माती होती, आणि अमोनिया पिकासाठी जपायचा होता.

मग सह्याद्रीचे काय? पुण्या-नाशकाकडच्या खाणींत झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहावेत. त्यांतला ह्यूलँडाइट क्लिनॉप्टिलोलाइटचा सख्खा भाऊ, अंतर्गत सांगाडा तोच. दोघांना वेगळे धरावे का, यावर खनिजशास्त्रज्ञ बराच काळ भांडले. तापवल्यावर ह्यूलँडाइट लवकर मोडतो, दुसरा तग धरतो, हा एक निकष होता. १९९७ मध्ये सिलिकॉन-अॅल्युमिनियमच्या गुणोत्तरावर रेघ आखली गेली: ४ पेक्षा कमी तो ह्यूलँडाइट, ४ किंवा जास्त तो क्लिनॉप्टिलोलाइट. रेघ सोयीची आहे, पण निसर्गात दोघांमधली संक्रमणे सलग सापडतात. म्हणून मी त्यांना एकाच घरचे मानतो. धंद्याचा फरक मात्र खरा. आपला ह्यूलँडाइट बेसॉल्टच्या पोकळ्यांत तुकड्यातुकड्याने मिळतो, तर गाळणीचा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या जाड थरांतून खणला जातो.

हा दगड जंतू मारत नाही. त्याच्या सांगाड्यावर ऋण भार असल्याने हरियाणाच्या भूजलातले फ्लोराइडही तो धरत नाही. भरला की मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो. गुरुग्राम-नोएडात कुणी झिओलाइटची गाळणी विकायला आला, तर खनिज नेमके कोणते आणि ते किती दिवसांनी धुवायचे, हे दोन प्रश्न जरूर विचारा.