नगरची चिलखती मोटार व चार्ल्स रोल्स

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) येथे इ. स. १५४९ साली ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापुरास आहे. तिच्या अंगावर ओतारी महंमद रूमी याचे नाव कोरलेले असल्यामुळे करविता निजामशहा व कर्ता रूमी हे दोघेही संशोधकांस परिचित आहेत. त्याच नगरातील रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) पहिल्या महायुद्धाच्या काळातील एक रोल्स-रॉइस चिलखती मोटार आहे. प्रेक्षक हे जोडनाव केवळ कारखान्याचे म्हणून वाचतात. वस्तुतः हा द्वंद्व समास आहे. आणि त्याचे पूर्वपद ज्याचे नाव, तो गृहस्थ अशी पहिली चिलखती गाडी निघण्यापूर्वीच चार वर्षे निवर्तला होता.

चार्ल्स स्ट्यूअर्ट रोल्स याचा जन्म २७ ऑगस्ट १८७७ रोजी लंडन येथे झाला. मॉनमथशर परगण्यातील एका धनाढ्य जमीनदाराचा, पुढे लॉर्ड लँगॅटक झालेल्या गृहस्थाचा, हा तिसरा पुत्र. ईटनच्या शाळेत यंत्रांत रमणाऱ्या या मुलास सोबती ‘मळका रोल्स’ म्हणत. केंब्रिज येथे विद्यार्थी असता १८९६ साली त्याने प्यूजो मोटार घेतली. १९०० सालच्या हजार मैलांच्या कसोटीत त्यास सुवर्णपदक मिळाले. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीतही तो होता. मार्गात इतके अपघात व मृत्यू घडले की ती शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. त्याच वर्षी त्याने ताशी सुमारे ८३ मैलांचा वेग गाठला. परंतु वेळ मोजण्याचे साधन संमत नसल्याने तो विक्रम अधिकृत ठरला नाही. साधनाच्या शुद्धतेचा हा आग्रह आम्हा पोथ्या चाळणारांस मान्य व्हावा!

१९०५ च्या गॉर्डन बेनेट शर्यतीत तो वूल्झली मोटारीवर आठवा आला. या शर्यतीत प्रत्येक राष्ट्रास तीनच गाड्या उतरविता येत. ती मर्यादा फ्रेंचांस रुचली नाही. म्हणून १९०६ साली ल मान्स येथे त्यांनी पहिली ‘ग्रां प्री’ भरविली. अर्थात् रोल्स हा या परंपरेच्या उषःकालातील वीर होय.

रोल्स हा धनिकाचा हौशी पुत्र, असे म्हणून त्याची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. हौस खरी, आणि दुकान घालण्यास भांडवल पित्याचे, हेही खरे. परंतु गाडीच्या अंतरंगाची पारख त्याची स्वतःची होती. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टर येथे त्याची हेन्री रॉइसशी भेट झाली. रॉइस चक्कीवाल्याचा मुलगा; बालपणी वर्तमानपत्रे विकलेला. एकाने गाडी घडवावी, दुसऱ्याने ती विकावी व शर्यतीत सिद्ध करावी, असे ठरले. १९०५ च्या आइल ऑफ मॅन येथील टूरिस्ट ट्रॉफीत रोल्सची गाडी आरंभीच बिघडली; १९०६ साली मात्र त्याने तीच ट्रॉफी जिंकली.

या गाडीची कीर्ती लवकरच सह्याद्रीपर्यंत पोचली. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांची कसोटी, सहा घाट चढून, यशस्वी केली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

तोवर रोल्सचे चित्त आकाशात गुंतले होते. २ जून १९१० रोजी त्याने इंग्लिश खाडी विमानाने न उतरता जाऊन-येऊन ओलांडली. पुढल्याच महिन्यात, १२ जुलै रोजी, बोर्नमथ येथे त्याच्या राइट विमानाचे शेपूट मोडले व तो ठार झाला. वय अवघे ३२. यंत्रशक्तीच्या विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेला हा पहिला इंग्रज.

‘नामशेष’ हा शब्द आपण नष्ट या अर्थी सैल वापरतो. संस्कृतात त्याचा अर्थ ‘ज्याचे नाव तेवढे उरले तो’ असा आहे. रोल्स अविवाहित होता. १९१६ साली त्याचे दोन्ही वडील बंधू वारले आणि लँगॅटक ही पदवी लुप्त झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात ईजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या चिलखती रोल्स-रॉइस मोटारी बीर हकीम येथे धावून गेल्या व शत्रूच्या बंदीत उपासमार सोसणाऱ्या ब्रिटिश खलाशांस सोडवून परतल्या.