आन्नाने फाडलेल्या अटी

मॉस्कोतल्या जुन्या कागदपत्रांच्या सरकारी दफ्तरखान्यात १७३० सालचा एक कागद जपून ठेवला आहे. तो वरपासून खालपर्यंत फाडलेला आहे. या अटी कोणतीही सूट न घेता पाळीन, अशा आशयाची एक ओळ मजकुराखाली आहे आणि पुढे सही: आन्ना. सही करणारी आणि कागद फाडणारी व्यक्ती एकच. या दोन कृत्यांमध्ये जेमतेम महिना गेला.

त्या महिन्यात काय घडले, हे बऱ्याच अंशी कागदांवरूनच जुळवता येते. राज्यकारभार पाहणाऱ्या सर्वोच्च प्रिव्ही कौन्सिलची रोजकीर्द आहे, कौन्सिलचा कारभारी वासिली स्तेपानोव्ह याची जबानी आहे, परदेशी वकिलांनी आपापल्या दरबारांना धाडलेली पत्रे आहेत. आर्चबिशप फेओफान प्रोकोपोविच याचा वृत्तांतही आहे. पण तो कौन्सिलचा उघड विरोधक होता, तेव्हा त्याचे शब्द पारखूनच घ्यावे लागतात. कझानचे इतिहासकार दमित्री कोर्साकोव्ह यांनी १८८० साली ही साधने एकत्र तपासून ग्रंथ लिहिला. पुढच्या तारखा त्या काळच्या रशियन पंचांगानुसार आहेत. ते आजच्या कॅलेंडरच्या ११ दिवस मागे होते.

१९ जानेवारीच्या पहाटेपूर्वी चौदा वर्षांचा झार दुसरा पीटर देवीच्या रोगाने वारला. त्याच दिवशी त्याचे लग्न व्हायचे होते. वारस नव्हता. पहिल्या पीटरने १७२२ साली वारस नेमण्याचा अधिकार राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोपवला होता, त्यामुळे गादी कोणाची हे सांगणारा नियमच उरला नव्हता. नियोजित वधू डोल्गोरुकोव्ह घराण्यातली. तिच्या नावाने एक बनावट मृत्युपत्र पुढे आले, पण ते कोणी मानले नाही. कौन्सिलमधला मुरब्बी सरदार दमित्री गोलित्सिन याने कुरलँडची विधवा डचेस आन्ना हिचे नाव सुचवले. ती पहिल्या पीटरच्या सावत्र भावाची मुलगी. कुरलँडमधल्या मितावमध्ये ओढाताणीत दिवस काढत होती. नाव मान्य होताच गोलित्सिनने दुसरी गोष्ट मांडली: गादी द्यायचीच आहे, तर आपलेही ओझे हलके करून घेऊ.

अटी लिहिल्या कशा, हे स्तेपानोव्ह सांगतो. एक सरदार एक वाक्य सांगे, दुसरा दुसरेच. त्या गलक्यात लिहिणे अशक्य झाले, तेव्हा शब्दांचा जाणकार म्हणून कौन्सिलचा सदस्य ओस्टरमन याला पुढे बसवले. त्याने अंग चोरले आणि पुढे आजारपणाच्या नावाखाली अंथरूणच धरले. शेवटी तयार झालेला मजकूर मात्र सुस्पष्ट आहे. राणीने लग्न करू नये, वारस नेमू नये, आठ जणांची कौन्सिल कायम ठेवावी. कौन्सिलच्या संमतीवाचून युद्ध पुकारू नये, तह करू नये, नवे कर लादू नयेत, कर्नलच्या वरचे हुद्दे देऊ नयेत, गावे इनाम देऊ नयेत, खजिना खर्चू नये. निवाड्याशिवाय कोणा उमरावाचे प्राण, मालमत्ता वा अब्रू हिरावू नये. गार्ड पलटणी कौन्सिलच्या ताब्यात राहाव्यात. आणि वचन मोडल्यास मुकुट जाईल.

ही कलमे रशियाच्या जुन्या रिवाजात बसणारी नव्हती. स्वीडनमध्ये १७१९-२० साली राजसत्तेला असाच लगाम घातला गेला होता आणि गोलित्सिनला ती व्यवस्था चांगली ठाऊक होती. पण त्याच्या मसुद्यात एक जबर खोट होती. आठ जागांपैकी चार डोल्गोरुकोव्हांकडे, दोन गोलित्सिनांकडे. सहा खुर्च्या दोन घराण्यांत!

आन्नाने मितावमध्ये सही केली. सोबत तिच्याच नावाने एक पत्र तयार करण्यात आले: या अटी मी स्वखुशीने ठरवल्या. २ फेब्रुवारीला क्रेमलिनमध्ये दोन्ही कागद वाचून दाखवले, तेव्हा जमलेल्या उमरावांना लबाडी कळायला वेळ लागला नाही. तरीही त्यांनी केवळ आरडाओरडा केला नाही. पर्यायी मसुदे लिहिले. त्यातल्या एकावर ३६१ सह्या आहेत. मोठे सरकारी मंडळ हवे, अधिकारी निवडून यावेत, उमरावांच्या सक्तीच्या सरकारी नोकरीची मुदत ठरावी, अशा मागण्या या मसुद्यांतून दिसतात. म्हणजे एका जुलमी राजाच्या जागी आठ राजे नकोत, एवढेच त्यांना म्हणायचे नव्हते. काय हवे, हेही ते सांगत होते.

१० फेब्रुवारीला आन्ना मॉस्कोजवळ पोचली आणि तिने प्रिओब्राझेन्स्की या गार्ड पलटणीचे कर्नलपद स्वतःकडे घेतले. अट तिथेच मोडली. कौन्सिल गप्प बसली.

२५ फेब्रुवारीला उमरावांनी अर्ज आणला. तो वाचला वासिली तातिश्चेव्हने, म्हणजे पुढे रशियाचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थाने. मागणी होती मसुद्यांचा एकत्र विचार करण्याची. आन्नाने मंजुरी लिहिली. तेवढ्यात गार्ड अधिकाऱ्यांनी राणीच्या निरंकुश सत्तेसाठी गलबला केला. त्याच दिवशी दुसरा अर्ज आला, कवी कान्तेमीरने वाचलेला: पूर्वजांप्रमाणे पूर्ण सत्ता स्वीकारावी. आन्नाने अटींचा कागद मागवला. रोजकीर्दीतली नोंद कोरडी आहे: महाराणींनी सर्वांसमक्ष तो हाती घेऊन फाडला.

४ मार्चला कौन्सिल बरखास्त झाली. गोलित्सिन १७३७ साली श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कैदेत मेला. कौन्सिलचा सदस्य वासिली लुकिच डोल्गोरुकोव्ह याचा १७३९ साली नोव्हगोरोदजवळ शिरच्छेद झाला.

उमरावांच्या काही मागण्या मात्र पुऱ्या झाल्या. जमीन एकाच वारसाला देण्याचा पहिल्या पीटरचा कायदा आन्नाने रद्द केला, १७३६ साली सक्तीची नोकरी २५ वर्षांवर आणली. निवाड्याशिवाय प्राण, अब्रू आणि मालमत्ता न हिरावण्याचे कलम राणी दुसऱ्या कॅथरिनने १७८५ च्या सनदेत दिले. १७३० च्या अटींतलेच ते कलम. पण तेव्हा ते राज्यकर्त्यावरचे बंधन होते, आता त्याची कृपा झाले. १९०६ च्या मूलभूत कायद्यांनीही द्यूमा ही प्रतिनिधीसभा दिली, पण झारची सत्ता एकतंत्री म्हणूनच नोंदवली आणि युद्ध, तह व सैन्य त्याच्याच हाती ठेवले.

अटी फाटल्या त्या कलमे वाईट होती म्हणून नव्हे. त्या आठ जणांनी बंद दाराआड लिहिल्या, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, त्या गार्ड पलटणींना कोणी विचारलेच नाही. सवलत देणारा ती परत घेऊ शकतो. १७३० नंतर पावणेदोनशे वर्षे रशियन प्रजेच्या पदरात जे पडले, ते याच जातीचे होते.